‘पडलो’ म्हणायची मुभा

आत्याच्या उजव्या हातात बांगड्या नव्हत्या. डाव्या हातात नेहमीसारख्या हिरव्यागार, मनगट भरून. उजवं मनगट मोकळं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या त्यांच्या जुन्या घराच्या सोप्यात मी जेवायला बसले होते, ती डाव्या हातानं आमटी वाढत होती आणि माझी नजर त्या मनगटावरून हलत नव्हती. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, हयात आहेत, आणि ही बाई रिकाम्या हातानं राहिलेली मला आठवत नाही. टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती तेव्हासुद्धा दोन्ही हातांत दोन-दोन तरी होत्याच. विचारलं तर म्हणाली, “धुणं धुताना वाढल्या गं. कासाराकडं गेलो की भरतो.” आणि लगेच, “भाकरी घे, गरम हाय तवर.” मनगटाच्या आतल्या बाजूला निळा-पिवळा डाग होता. तो तिनं पदराखाली घेतला. फुलेवाडीला परतताना रंकाळ्याच्या कडेनं रिक्षा चालली होती, भुट्ट्यांचा धूर नाकात जात होता, आणि मला सारखं वाटत होतं की धुणं धुताना एखादी बांगडी वाढते. एका हातातल्या सगळ्याच्या सगळ्या वाढत नाहीत.

काही आठवड्यांनी माडीवरच्या भाडेकरणीनं सांगितलं. पावसाची रिपरिप चालू असताना सकाळी आत्या परड्यात पडली होती. शेवाळलेल्या फरशीवरून पाय सरकला, उजवा हात पुढं टेकला, बांगड्या तिथंच फुटल्या. भाडेकरणीला हे तरी कसं कळलं, तर पपईच्या बुंध्याशी काचा दिसल्या म्हणून. पडल्यावर आत्या बराच वेळ तशीच ओल्या फरशीवर होती. मामांना कमी ऐकू येतं. एक हाक मारली असती तर माडीवरून माणूस धावत आलं असतं.

हाक मारली नाही.

त्या न मारलेल्या हाकेनं मला फार छळलं. पुढं एका दुपारी शेंगा फोडत बसलो असताना मी विषय काढला, तेव्हा ती आधी गप्प बसली, मग टरफलं सुपात गोळा करत म्हणाली, “पडलो म्हणून सांगितलं की काय हुतंय म्हाइताय का तुला? पोरगं पुण्यासनं गाडी घिऊन येतंय. चल म्हणतंय फ्लॅटात. मग माझी अंबाबाई कुठली, आणि परडं कुठलं? खिडकीत बसायचं आणि लिफ्टचा आवाज ऐकायचा.” रागानं बोलली नाही ती. पुरता विचार करून, हिशेब मांडून बोलली. तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी बायका अशाच गेल्या होत्या. गेल्या म्हणजे मुलांकडं गेल्या. त्यातल्या एकीला मुलानं स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, बाथरूमचं दार आतून लावायला बंदी केली. सगळं प्रेमापोटी. आणि वर्षभरात त्या बाईला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायला लागली. आत्यानं हे बघितलेलं होतं.

आपल्या या गावात पडण्याची लाज वाटावी, याचं मला नवल वाटतं. पेठेपेठेत तालीम आहे. शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेल्या खासबाग मैदानात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी माणसं पडताना पाहिली आहेत. पाठ मातीला लागलेला मल्ल उठतो, अंगावरची तांबडी माती झटकतो, जिंकलेल्याच्या हातात हात देतो, आणि लोक दोघांच्याही पाठीवर थाप मारतात. तालमीत नवीन आलेल्या पोराला पडायचं कसं, हेही शिकावं लागतं. मामा स्वतः तरुणपणी गंगावेश तालमीत मेहनत केलेले. त्यांच्या कानाची पाळी अजून चुरगळलेली आहे. पण तेच मामा गेल्या दिवाळीत जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले, तेव्हा “काय झालं न्हाई, काय झालं न्हाई” एवढंच बोलत राहिले आणि आठवडाभर कमरेला चोरून बाम चोळत राहिले. साठी-सत्तरीनंतर पडणं हे घरातल्या घरात दडपलं जातं, आणि कळलंच तर आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. या दोन शब्दांनी चौकशीच संपते. वय हे कारण म्हणून धरलं की पुढं शोधायचं काही उरत नाही, आणि खरी कारणं शोधण्याजोगी, बरीचशी दुरुस्त करण्याजोगी असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडल्यामुळं मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल याचाच नंबर लागतो. पासष्टीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी निदान पाचांतलं एक जण वर्षाच्या आत जातं. हाडापायी फारसं कुणी जात नाही. जातात ते अंथरुणात पडून राहिल्यामुळं, छातीत कफ साठून, पाठीला जखमा होऊन, जेवण तुटून. ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांना हे आकडे सांगायची गरज नाही, आणि कोल्हापुरात एकाही घरात असं न घडलेली गल्ली मला माहीत नाही.

आत्या एका अटीवर दाखवायला तयार झाली: पुण्याला कळवायचं नाही, आणि देऊळ बंद करायचं नाही. पहिली अट मला पाळता येणार नव्हती, तसं मी तिला सांगितलं. दुसरी मी मान्य केली, आणि दादाकडूनही, म्हणजे तिच्या पुण्याच्या मुलाकडूनही, फोनवर कबूल करून घेतली. तिला ते ऐकवलं. मग ती आली. आज मागं वळून बघताना वाटतं की सगळ्या तपासणीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या फोनवर झालं. कारण डॉक्टर विचारतात ते मूळ प्रश्न तीनच असतात: गेल्या वर्षात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना तोल जातोय असं वाटतं का, आणि पडण्याची भीती वाटते का. या तीन प्रश्नांना म्हातारं माणूस खरं उत्तर कधी देईल? खरं बोलल्यावर आपलं काही काढून घेतलं जाणार नाही, याची खात्री असेल तेव्हाच. नाहीतर तिन्ही उत्तरं ‘नाही’ येतात, आणि कागदावर आत्या ठणठणीत निघते.

त्या दिवशी तिनं तीन वेळा ‘व्हय’ म्हटलं. आणि वर्षात एकदा नाही, चारदा पडल्याचं सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला.

फिजिओथेरपी करणारी एक मुलगी घरी येऊन बघून जाते, हे मला नव्हतं माहीत. ती आली, चप्पल बाहेर काढली, आणि आधी आत्याच्या हातचा चहा प्यायली, हे मला फार आवडलं. मग सोप्यात एक लाकडी खुर्ची ठेवली, शिंप्याच्या टेपनं तीन मीटर मोजले आणि तिथं आत्यालाच रांगोळीची रेघ ओढायला लावली. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ‘टाइम्ड अप अँड गो’ म्हणतात याला. कॅनडातल्या दोघींनी 1991 मध्ये ही पद्धत मांडली, आणि अजून जगभर वापरतात. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. आत्याला 17 लागले. पण त्या मुलीनं घड्याळापेक्षा बाकीचंच जास्त पाहिलं: उठताना दोन्ही हातांनी गुडघ्यावर जोर दिला, पहिल्या पावलाआधी क्षणभर थांबली, वळताना चार-पाच बारीक पावलं टाकली, आणि वळताना नजर जमिनीवरून हलली नाही. मग हात छातीशी घडी घालून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजलं. शहात्तर वर्षांच्या बाईला दहाच्या खाली उठबशा म्हणजे पायात ताकद कमी. आत्याच्या सहा झाल्या. शेवटी एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावून उभं राहायचं होतं. ते दहा सेकंद टिकायला हवं. आत्या तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला कलली, मुलीनं दंडाला धरलं, आणि सोप्यात सगळे गप्प झाले. आत्यालाच हसू आलं. “आगं, सरळ रेघंवर आता कोण चालतंय,” म्हणाली. तरी तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा कुतूहल दिसलं. आपल्या पायांना काय झालंय, हे इतक्या वर्षांत कुणी तिला मोजून दाखवलं नव्हतं.

एक गोष्ट त्या मुलीनं विचारली ती माझ्या डोक्यात अजून घोळते. “चालता चालता बोलल्या तर थांबतात का?” थांबते. महाद्वार रोडनं आत्याबरोबर जाणं म्हणजे दर वाक्याला थांबणं. हळदी-कुंकवाच्या दुकानासमोर थांबेल, ओटीच्या खणांसमोर थांबेल, आणि माझ्याकडं पूर्ण वळून बोलेल. घरात सगळे म्हणायचे की आत्याला बोलायची हौस. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये नेमकं हेच टिपलं होतं: बोलायला सुरुवात केली की ज्यांचे पाय थांबतात, त्यांच्यात पुढं पडणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. चालणं आपोआप होत असतं तोवर डोकं बोलायला मोकळं असतं. चालण्याकडंच सगळं लक्ष द्यावं लागायला लागलं की बोलण्यासाठी उभं राहावं लागतं. महाद्वारावरचे ते सगळे थांबे मला आठवले. गेली कित्येक वर्षं ती आम्हाला दाखवत होती.

डॉक्टरांनी तिला पाच मिनिटं झोपवून ब्लडप्रेशर घेतलं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतलं. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त खाली आला तर तो दोष मानतात. तिचा 28 नं खाली आला. म्हणजे पहाटे उठून ती तडक न्हाणीकडं निघायची, तेव्हा डोक्यापर्यंत पुरेसं रक्तच पोचत नसायचं. त्यात रात्री झोपेची गोळी. कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली, औषधांच्या दुकानातून वर्षानुवर्षं तशीच येत राहिलेली. अशा गोळ्यांचा अंमल म्हाताऱ्या शरीरात सकाळपर्यंत रेंगाळतो. डॉक्टरांनी ती एकदम तोडली नाही. एकदम तोडली तर त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी केली, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलली. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या औषधांचा डबा वर्षातून एकदा तरी डॉक्टरांच्या टेबलावर सगळा ओतावा, असं मला आता कळकळीनं वाटतं. कुठली गोळी कुणी, कधी, कशासाठी दिली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

घराकडं वळायला आम्हाला जास्त वेळ लागला, कारण हे घर तिचं आहे आणि तिच्या लग्नाच्या आधीपासूनचं आहे. सोप्यातून माजघरात जायला वीतभर उंच उंबरा, माजघरातून परड्यात उतरायला दोन उंच-सखल पायऱ्या, कोपऱ्यात न्हाणी, तिथं शहाबादी फरशी, साबणाचा बुळबुळीत थर, तांब्याचा बंब. संडास परड्याच्या टोकाला. रात्री जाताना झिरोचा बल्ब, आणि अंगात लांब गाऊन; पाय उंबऱ्यावर उचलला की गाऊनची कड अंगठ्यात अडकते. दिवसा ती काष्टा घालते तेव्हा हा धोका नसतो. गाऊन चार बोटं आखूड केला. उंबरा काढायचा विषय तिनं काढूच दिला नाही, आणि मलाही ते बरं वाटलं. तिथं ती रोज रांगोळी काढते, हळद-कुंकू वाहते. उंबऱ्याच्या कडेला पिवळा पट्टा मारला, म्हणजे अंधुक उजेडात कड दिसावी, आणि माणूस हलताच पेटणारे दिवे लावले. खरी अडचण न्हाणीत आली. धरायला दांडी हवी, पण भिंत पांढऱ्या मातीची. स्क्रू मारला की माती भुरभुरून खाली येते. लोक टॉवेलच्या दांडीला धरतात आणि ती दांडी उपटून हातात येते, माणूस खाली. उद्यमनगरातल्या एका वेल्डिंगवाल्यानं तोड काढली: जमिनीपासून वरच्या तुळईपर्यंत उभा लोखंडी पाईप, खाली काँक्रीटमध्ये रोवलेला, वर तुळईला क्लॅम्पनं आवळलेला, त्यालाच आडवी दांडी. मुठीत नीट बसेल अशा जाडीचा. मामांनी त्याला लोंबकळून पाहिला आणि पसंती दिली. परड्यातलं शेवाळ खरवडून फरशीला टाकी मारून घेतली. पावसाळ्यात ते शेवाळ पुन्हा येतं, पुन्हा खरवडावं लागतं. कोल्हापूरच्या पावसात यावर कायमचा इलाज नाही.

देवळाचा प्रश्न वेगळा होता. मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाई, हे तिच्या आयुष्याचं वेळापत्रक. पायातली कोल्हापुरी चप्पल कातडी तळाची, टाच मोकळी. कोरड्या रस्त्यावर ठीक, पण भिजली की निसरडी होते. म्हाताऱ्या पायाला टाच धरून ठेवणारं, पातळ आणि घट्ट तळाचं पायताण लागतं. आपल्या गावाचं नाव जगभर नेणारी चप्पल माझ्या आत्याच्या पायातून काढून घ्यायची, हे मला जड गेलं. तिनं ती लग्नकार्यापुरती ठेवली आणि मागं पट्टा असलेली सँडल घेतली. देवळात मात्र अनवाणीच. पहाटे धुतलेली ती काळी दगडी फरशी, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. म्हणून आता ती पहाटे जात नाही, फरशी वाळल्यावर उन्हं चढताना जाते, आणि खांबाखांबानं चालते. गर्दीचे दिवस टाळते. चष्माही बदलला. वर लांबचं, खाली जवळचं अशा एकाच भिंगातून पायरी उतरताना पायरी धूसर दिसते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर जायला फक्त लांबचा असा वेगळा चष्मा करून घेतला.

दादानं पुण्याहून व्हिटॅमिन डीच्या पुड्यांचा गठ्ठा पाठवला. त्याची काळजी मला समजते. पण शरीरात कमतरता असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घ्यायचं, एवढाच त्याचा उपयोग. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिटचा डोस देऊन पाहिला, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. 2010 मध्ये ते प्रसिद्ध झालं. खात्रीनं उपयोगी पडतो तो व्यायाम, पायांना ताकद आणि तोलाला सराव देणारा, आठवड्यातून निदान तीनदा, महिनोन्‌महिने. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचा असा कार्यक्रम बसवला, त्यानं पडण्याचं प्रमाण साधारण 35 टक्क्यांनी घटलं. इथं मामा उपयोगी पडले. टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे सगळं त्यांनी ‘बैठका’ म्हणून ताब्यात घेतलं. सकाळी सोप्यात दोघं समोरासमोर, मामा मोजतात, आत्या उठते-बसते. “खाली बघू नगंस, समोर बघ,” असं ते वस्तादाच्या आवाजात सांगतात. चाळीस-पन्नास वर्षांत त्या दोघांना मी एकत्र काही करताना क्वचित पाहिलं होतं.

येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी 1990 च्या सुमारास पडण्याची भीती मोजायची पट्टी तयार केली. पुढं 1994 साली त्यांनी औषधं, रक्तदाब, पायांची ताकद, घर, सगळ्याकडं एकदम लक्ष देऊन पाहिलं, तेव्हा असं लक्ष न दिलेल्यांतली 47 टक्के माणसं वर्षभरात पडली, आणि दिलेल्यांतली 35 टक्के. म्हणजे एवढं सगळं करूनही शंभरातली पस्तीस माणसं पडलीच. हा आकडा मी दादाला मुद्दाम सांगितला. धोका शून्य करायचा हट्ट धरला तर माणसाला खुर्चीत बसवावं लागतं, आणि बसून बसून मांड्या वितळतात, मग तो खुर्चीतून उठतानाच पडतो. म्हणून फिजिओच्या मुलीनं शेवटचा धडा दिला तो पडल्यावर उठायचा. घरात कुणाला तो आवडला नाही. असं अभद्र कशाला शिकवायचं, असं भाडेकरीणसुद्धा म्हणाली. आधी हलायचं नाही, कुठं दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, कोपरावर, हातांवर, गुडघ्यांवर यायचं, रांगत पक्क्या वस्तूपर्यंत जायचं, त्यावर हात टेकून एक पाय पुढं ठेवायचा, आणि वर. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी असाच उठलो हुतो की, धुण्याच्या दगडाला धरून.” पावसात, एकटीनं, मनगट सुजलेलं असताना, तिनं ते आपलं आपण शोधून काढलं होतं.

परवा सकाळी तिचा फोन आला. “पडलो गं. माजघरात. हाड काय मोडलं न्हाई, उठलो, बसलोय. तू ये सावकाश.” आवाज शांत. मी दादाला कळवलं, तो पलीकडं बराच वेळ गप्प राहिला, मग त्यानं फक्त विचारलं, “काय वेगळं झालं होतं का?” आम्ही त्या दिशेनं शोधलं. झालं होतं. सर्दी झाली म्हणून शेजारच्या दुकानातून तिनं गोळ्या आणल्या होत्या, दोन दिवस घेतल्या होत्या, आणि डोकं जड वाटत होतं. पाकिटावर क्लोरफेनिरामिन. गुंगी आणणारं ते औषध साठीपुढं टाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बंद केलं. शुक्रवारी ती देवळात गेली. जाताना रिक्षानं, येताना चालत. मामा बरोबर होते, आणि सबंध महाद्वार रोडभर त्यांनी तिला बोलू दिलं नाही, अशी तिची तक्रार आहे.